पॉजची आठ बटणं

३ मार्च, मंगळवार

ही वही वहिनीने दिली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाइकांना फुकट वाटायला छापलेल्या वह्या उरल्या, त्यातली ही एक. प्रत्येक पानाच्या तळाशी निळ्या अक्षरात 'नजर वेळेवर तपासून घ्या' असं आहे. मी लिहिणारी नव्हे. शाळेत माझ्या निबंधांवर 'विषय सोडून' असा लाल शेरा असायचा आणि तो खरा असायचा. पण इथे दुसरं करण्यासारखं काही नाही, म्हणून.

इथे म्हणजे दादाकडे. दादाचं गेम पार्लर आहे. खाली दुकान, वर घर. आठ मशिनं, आठ खुर्च्या, त्यातल्या दोन डुगडुगतात, आणि भिंतींना काळा रंग, म्हणजे डाग दिसत नाहीत. बाहेर रस्ता खणून ठेवलाय. सांडपाण्याचा पाइप टाकणाऱ्यांनी इंटरनेटची केबल तोडली. केबलवाले म्हणतात, पाइपवाले निघाल्याशिवाय जोडणार नाही. पाइपवाले म्हणतात, केबलवाले आल्याशिवाय खड्डा बुजवणार नाही. दोघेही एकाच खड्ड्याच्या काठावर बसून चहा पितात.

लाइन नाही म्हणजे पार्लर म्हणजे आठ काळे आरसे. पोरं पुढच्या चौकातल्या पार्लरला पळाली. अशात दादाचा फोन. "भिंगरे, महिनाभर ये. नाहीतरी तुला कुठे काम आहे?" खरं होतं, म्हणून राग आला. बेकरी सोडली, त्याआधी कुरिअर, त्याआधी तो कसला तरी कोर्स. ज्या टीमकडून मी गेम खेळायचे, तिने तर मला काढलंच, पण मी तेही सोडल्यासारखंच सांगते.

आल्या आल्या दिसलं की दादा पार संसारी झालाय. दाढी वाढवलीय. नाड्यांचे बूट गेले, पायात सरकवायचे आलेत. चहा अर्धा कप घेतो. "पूर्ण का नाही?" विचारलं तर म्हणे, "कमी केलाय." मग दुसरा अर्धा कप घेतो. लग्नाने माणसाचं काय होतं हे बघायचं असेल तर इथे या. तिकीट नाही.

६ मार्च, शुक्रवार

दादाची युक्ती ऐका. लाइनशिवाय चालणारे जुने स्ट्रॅटेजी गेम लावायचे. त्यांची कॅम्पेन.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी (कोण वाचणार आहे, पण असो): स्ट्रॅटेजी म्हणजे वरून दिसणारा नकाशा आणि त्यावर तुझी माणसं. लाकूड तोडा, खाण खणा, बराकी बांधा, सैन्य काढा, समोरच्याला संपवा. बुद्धिबळासारखी पाळी नसते. तू विचार करत बसलीस की तेवढ्यात समोरचा तुझं घर जाळतो. म्हणजे हा हाताचा खेळ आहे. डावा बटणांवर, उजवा माउसवर, आणि दोन्ही डोक्याच्या पुढे धावले पाहिजेत. मी तो माणसांशी खेळते. माणूस घाबरतो, चिडतो, शिव्या घालतो, म्हणून त्याला हरवण्यात काही अर्थ आहे.

कॅम्पेन म्हणजे तोच खेळ एकट्याने, गोष्टीसकट. एकामागून एक मोहिमा, समोर मशीन. कॅम्पेन खेळणं म्हणजे स्वतःच स्वतःला पत्र टाकायचं आणि दारात पोस्टमनची वाट बघायची.

गेमचं खोकं माळ्यावर होतं. वहिनी स्टुलावर चढली. दादा खिशात हात घालून खाली उभा, "डावीकडे, अजून डावीकडे." मी म्हटलं, "धर की जरा." वहिनी वरून म्हणाली, "त्याने धरलं तर खोकं माझ्या डोक्यात येईल." दोघं हसले. यांचे विनोद असे.

माझं काम म्हणजे सगळे खेळून बघायचे आणि कुठला लावण्यासारखा आहे ते सांगायचं.

"मीच का?" विचारलं.

"तुझ्याइतकं वाईट कुणी बोलत नाही," दादा म्हणाला. "तुझ्या तोंडून जो सुटेल तो चांगलाच असणार."

१० मार्च, मंगळवार

निकाल. खोक्यांवरची नावं लांबलचक आणि परदेशी आहेत. आम्ही आमची ठेवलीत.

राजपुत्राचा. पहिली मोहीम: झेंड्यापर्यंत चालत जा. गेले. "शाब्बास, सेनापती." दुसरी मोहीम: दुसऱ्या झेंड्यापर्यंत चालत जा. राजपुत्राचा काका दुष्ट आहे हे त्याच्या भुवयांवरूनच कळतं, पण राजपुत्राला ते सगळं राज्य गेल्यावर कळतं. असल्या पोराला राज्य परत मिळवून देणं हे पाप आहे. शत्रू तर आपल्या तटाआड बसून असतो, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखा. माझी तयारी होईपर्यंत मासिक चाळत असणार.

किड्यांचा. अंतराळात किडे. प्रत्येक मोहिमेआधी एक टकला जनरल बोलतो आणि त्याचं बोलणं पुढे ढकलता येत नाही. एका मोहिमेत त्याच्या मुलाला सुखरूप बाहेर काढायचं. मी त्या कार्ट्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, एक ओरखडा येऊ दिला नाही. जिंकले. मग खेळातली चित्रफीत लागली आणि त्या चित्रफितीत तो मेला. मरायचंच होतं तर मला मध्ये कशाला घेतलं?

बर्फाचा. हरलेलं सैन्य बर्फातून घरी चाललंय. थंडीने माणसं पडायला लागली म्हणून तिसऱ्या मोहिमेत मी एक गाव जाळून शेकोटी केली. खेळाने काही म्हटलं नाही, शाब्बास नाही की धिक्कार नाही. बऱ्याच पुढे वाट चुकून सैन्य त्याच रस्त्याने परत आलं, रात्रीला आसरा हवा होता, आणि तिथे माझेच काळे वासे उभे. मी नुसती बघत बसले. हे कुणीतरी डोकं वापरून केलंय. दादाला मी "बरा आहे" एवढंच सांगितलं. जास्त सांगितलं की तो हसतो.

चौथा काफिल्याचा. तो दादाने आधीच शेवटच्या मशीनवर लावून ठेवला होता आणि गुपचूप खेळत होता. एक अख्खं गाव दलदलीतून पळून चाललंय. गाड्या, थोडे राखणदार आणि एक पूल टाकणारी गाडी. बराकी नाहीत, नवं सैन्य नाही. सुरुवातीला जे आहे तेच. गाडी बुडली की बुडली, पुढच्या मोहिमेत ती नसते. आहे त्यात भागवायचं. ही कल्पना वाईट नाही.

पण दादा खेळतो कसा ते बघा. कीबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात पॉज नावाचं बटण असतं, ज्याचा जगात कुणाला कधी उपयोग झालेला नाही. ते दाबलं की खेळ गोठतो आणि गोठलेल्या माणसांना निवांत हुकूम देता येतात. दादा दोन पावलं चालतो, पॉज. हनुवटी खाजवतो. एक हुकूम देतो, पॉज. त्याचा माउस तर असा भटकतो की वाटावं चष्मा हरवलाय. गोगलगायीला सैन्य दिलं तर ती असंच लढेल.

हाच तो दादा. एकेकाळी त्याचा हात बघायला लोक त्याच्या खुर्चीमागे उभे राहायचे. मी लहान होते, माउस माझ्या मुठीत मावायचा नाही, तेव्हा त्याने माझ्या हातावर हात ठेवून मला शिकवलं. हात हाताखाली धावायचा आणि मला वाटायचं मीच खेळतेय. आता बघा.

११ मार्च, बुधवार

स्वयंपाकघरातून ऐकू आलं. वहिनी: "तिला सांग आता." दादा: "नंतर." वहिनी: "नंतर म्हणजे कधी? ती निघून गेल्यावर?"

कळलं. माझं खाणं जास्त होतंय किंवा अंघोळीला वेळ लागतो. जेवल्यावर माझं ताट मी स्वतः घासलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. वहिनीने दादाला जेवायला तो जाड मुठीचा चमचा काढून दिला, लहान मुलांचा असतो तसला. लाड.

१५ मार्च, रविवार

गिऱ्हाईक येऊ लागलंय. मोजकं, पण येतं.

टायवाला. पाण्याचे फिल्टर विकतो. म्हणजे विकत नाही, इथे येऊन बसतो. त्याचा साहेब फोनवर विचारतो कुठे आहेस, हा म्हणतो "फील्डवर," आणि राजपुत्राला झेंड्यापर्यंत चालवतो. त्याला काका दुष्ट निघाल्याचा खरंच धक्का बसला.

"काय माणूस आहे हो, ताई. रक्ताचं नातं."

"भुवया दिसल्या नाहीत का तुम्हाला?"

"भुवयांवरून माणसं ओळखली असती तर फिल्टर नसते का खपले?"

आणि जुळ्या. हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकतात. दोघी एका मशीनवर बसतात, एक बटणं दाबते, दुसरी माउस फिरवते, आणि एकमेकींना "अगं मेले, डावीकडे" करत बर्फाचा खेळतात. गाव त्यांनी जाळलं नाही. थंडीने अर्धं सैन्य गमावलं, पण गाव ठेवलं. मूर्खपणा आहे. पण परत आल्यावर त्यांना आसरा मिळाला, हेही आहे.

जाताना दोघींतल्या माउसवालीने मला बाजूला घेतलं. "तुझ्या दादांचा हात कधीपासून असा आहे?"

"लग्नापासून," मी म्हटलं.

चांगला विनोद होता. दोघी हसल्या नाहीत. शिकणाऱ्या पोरी अशाच असतात, सुकलेल्या.

१८ मार्च, बुधवार

कॅप्टनचा फोन. टीमचा कॅप्टन, माझ्याहून लहान आहे आणि आवाज अजून फुटतोय. एक तारखेला चार वाजता नवीन निवड. लाइनवरच खेळायचं, कुठूनही. "तू चिडली नाहीस तर तुझ्यासारखा हात नाही," म्हणाला. चिडत नाही म्हटलं. जमलं तर टीमच्या घरात राहायचं, दिवसभर खेळायचं. माणसांशी.

दादाला सांगितलं. "छान," म्हणाला. बराच वेळ फडक्याने एकच पडदा पुसत राहिला. मग म्हणाला, "इथली लाइन तोवर आली तर इथूनच खेळ."

"आणि नाही आली तर?"

"तर तिथे जाऊन खेळ. तुला कुणी बांधलंय?"

दुकानाचं मात्र खरं नाही. घरमालक येऊन गेला, त्याला खाली फरशांचं दुकान टाकायचंय. महिनाअखेरपर्यंत खुर्च्या भरलेल्या दिसल्या नाहीत तर तो नवा करार करणार नाही. दुकान गेलं तर जगात एक भिकार पार्लर कमी होईल, बास. पण दादा दुसरं काय करणार? त्याला दुसरं येतं काय? हे मला सारखं डोक्यात येतंय, का ते कळत नाही, माझा काय संबंध.

तर मी स्पर्धा काढली. रविवारी. काफिल्याची पुलाची मोहीम: तीन ओढे, दोन्ही काठांवर लुटारू, ज्याच्या जास्त गाड्या पार तो जिंकला. दारावर कागद लावला. घरमालकालाही बोलावलं.

"पॉज बंद," मी म्हटलं.

"पॉज असू दे," दादा म्हणाला.

"पॉज घेऊन कुणीही पार करेल. वहिनी करेल."

"मग वहिनीला करू दे. पॉज असू दे, भिंगरे." आणि वर गेला. एवढ्या आवाजात तो कधी बोलत नाही.

२१ मार्च, शनिवार

मी सगळ्यांना सांगून बसलेय. टायवाल्याला, जुळ्यांना, खड्ड्याच्या काठावरच्या लोकांनासुद्धा. उद्या माझा दादा खेळणार आहे, त्याचा हात बघायला या. आणि तो लोकांसमोर दोन पावलं चालून हनुवटी खाजवत बसणार? त्याचा हात मेलेला नाही, आळसावलाय. त्याला ढकललं पाहिजे. मला पोहायला शिकवताना त्याने हेच केलं होतं. (तेव्हा मी बुडाले होते, पण ते वेगळं.)

पॉजचं बटण चमच्याच्या मागच्या टोकाने अलगद निघतं. उद्या उघडायच्या आधी आठही काढून घेणार. बाकी मेनू उघडून खेळ थांबवता येतो, पण मग हुकूम देता येत नाहीत. खुशाल थांबवा.

२२ मार्च, रविवार

नाही लिहीत.

२३ मार्च, सोमवार

लिहिते. नाहीतर ते डोक्यातच फिरत राहील.

गर्दी झाली. डुगडुगणाऱ्या खुर्च्यासुद्धा भरल्या, घरमालक दाराशी हाताची घडी घालून उभा. दादा बाहेर लोकांना खड्ड्यावरच्या फळीवरून आत आणत होता, त्यामुळे आतलं त्याला माहीत नव्हतं. टायवाला आधी बसला. "ताई, हे बटण उंदराने खाल्लं का?" मी म्हटलं, आजचा नियम. त्याने पहिल्याच ओढ्यात पुलाची गाडी बुडवली आणि उठून सगळ्यांना नमस्कार केला. जुळ्या दुसऱ्या ओढ्यापर्यंत गेल्या.

मग दादा. त्याने उजवा हात माउसवर ठेवला आणि मांडीवरच्या फडक्यात पुसल्यासारखं करून परत ठेवला. पहिला ओढा झाला, हळू, पण नीटनेटका. दुसऱ्या ओढ्यावर पूल अर्धा पडला आणि दोन्ही काठांवरून लुटारू आले. दादाचा डावा हात सवयीने कोपऱ्यात गेला आणि बोट भोकात पडलं.

त्याने वर बघितलं. बाकी कुणाकडे नाही, माझ्याकडे.

"बटण कुठंय?"

"आज नाही," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हात दाखव, दादा."

कुणीतरी टाळी वाजवली. टायवाला बिचारा भला माणूस, त्याने खिशातलं पेन काढून दिलं. "शेठ, ह्याने आत ढोसा." भोकाच्या तळाशी रबराचा ठिपका असतो, तो दाबला तरी काम होतं. दादाने पेन उजव्या हातात घेतलं. पेनाचं टोक भोकाभोवती आपटायला लागलं. टकटकटकटक. घर नक्की हेच का, असं माहीत नसलेला माणूस दार वाजवतो तसं. आत जाईना. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तर दोन्ही हात हलायला लागले, कीबोर्ड हलायला लागला. पडद्यावर गाड्या एकेक करून पाण्यात जात होत्या आणि कोणी पडद्याकडे बघत नव्हतं.

खरं लिहिते. मला आधी वाटलं, नाटक करतोय. मला खोटं पाडायला.

माउसवाली जुळी उठली आणि दादाच्या खुर्चीमागे अशी उभी राहिली की मागच्यांना काही दिसेना. तिची बहीण मोठ्याने म्हणाली, "काय हो, तुमचा फिल्टर होस्टेलला चालेल का? आमच्याकडे गढूळ पाणी येतं." सगळे तिकडे वळले. टायवाल्याला पहिल्यांदाच गिऱ्हाईक मिळालं होतं, तो भान हरपून बोलत सुटला.

दादाने पेन खाली ठेवलं. "गेल्या," म्हणाला. गाड्या. मग उठून सगळ्यांना सरबत दिलं, म्हणजे द्यायला वहिनीला सांगितलं.

२४ मार्च, मंगळवार

वहिनीच्या दुकानात गेले. ती एका चष्म्याच्या दांडीत तीळभर स्क्रू बसवत होती. मान वर केली नाही.

"कधीपासून?"

"मागच्या वर्षापासून. आधी करंगळी होती."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तीन आठवडे तो तुझ्यासमोर चमच्याने जेवतोय. शर्टाची बटणं मी लावते. चहा अर्धा भरते, सांडू नये म्हणून. अजून काय, दारावर पाटी लावायची होती?"

"बरं होतं का ते?"

"नाही. गोळ्यांनी आवरतं. कधी आवरतं, कधी नाही."

स्क्रू बसला. तिने चष्मा उजेडाकडे धरला.

"मी त्याला शंभरदा म्हटलं, सांग तिला, दुकान आता एकट्याने नाही होत. तो म्हणतो, सांगितलं तर ती राहील, तसं राहिलेली मला नको. दुकान आवडलं तर राहील, नाही तर जाईल."

"दुकान भिकार आहे," मी म्हटलं.

"माहितीये. तू असंच म्हणशील हेही तो म्हणाला होता."

घरी येऊन बटणं परत बसवली. आठही काड्यापेटीत ठेवली होती. दाबली की टक करून बसतात. दादाच्या मशीनचं बसेना, काढताना त्याची खुंटी मोडली होती. मग माझ्या मशीनचं काढून त्याला लावलं. मला काय करायचंय पॉज.

२६ मार्च, गुरुवार

दोन दिवस आम्ही फक्त "मीठ दे" एवढंच बोललो. आज दादा म्हणाला, "माझी मोहीम अर्धी राहिलीय."

"मग खेळ."

"माउस तू धर."

"तुझी गोगलगाय मी चालवू?"

"हात तुझा, डोकं माझं."

"म्हणजे बुडालोच."

बसलो. भांडण पहिल्याच ओढ्यावर. तो म्हणतो पुढची गाडी, तोवर मी मागची हलवलेली असते. "मी सांगायच्या आधी का हलतेस?" "कारण तू सांगेपर्यंत म्हातारी होईन." एक गाडी माझ्या घाईने गेली. तो नुसता पुढच्या गाडीचं सांगायला लागला, त्यामुळे जास्त लागलं. पुढच्या मोहिमेत त्या गाडीची जागा रिकामी दिसत राहते, ओळीत एक फट. पुढच्या-मागच्या गाड्या सरकून ती फट भरत नाहीत. असले खेळ बनवणाऱ्यांना धरून विचारलं पाहिजे.

पॉज मला दाबता येत नाही. म्हणजे येतं, पण थांबल्यावर काय करायचं ते कळत नाही. दादा पडद्याकडे बघत बसतो, मी त्याच्याकडे. पायाला मुंग्या येतात. मग तो म्हणतो, "तिसऱ्या गाडीला झाडामागे ने," आणि मला दिसतं की झाड तिथे होतं, मघापासून होतं.

घरमालक डोकावून गेला. टायवाला फिल्टरच्या आनंदात दोन मित्र घेऊन आला होता, जुळ्यांनी होस्टेलमधल्या चौघी आणल्या होत्या, खुर्च्या भरल्या होत्या. "फक्त एक वर्ष," तो म्हणाला. दादा म्हणाला, "तेवढं पुरे." तो असं का म्हणाला ते मी विचारलं नाही.

१ एप्रिल, बुधवार

सकाळी केबल जोडली. पाइपवाले आणि केबलवाले एकमेकांशी हात मिळवून गेले, खड्डा तसाच. दुपारपर्यंत पोरं परत आली, आरडाओरडा, शिव्या, माणसांशी खेळणारी माणसं. दुकान ओळखू येईना. मला वाटलं होतं मला हा आवाज आवडतो. कान किटले.

दादा म्हणाला, "चार वाजता तुझं आहे ना? माझ्या मशीनवर बस, तेच सगळ्यात चांगलं."

चारला पाच कमी असताना कॅप्टनचा फोन. "ये लाइनवर, सगळे आलेत."

"आमच्याकडे लाइन नाही अजून," मी म्हटलं. मागे एक पोरगं ओरडत होतं की त्याचं घर कुणीतरी जाळलं.

"मग हा आवाज कसला?"

"पाइपवाले."

दादा गल्ल्याशी होता. ऐकलं की नाही माहीत नाही. थोड्या वेळाने आला आणि माझ्या शेजारी डुगडुगणारी खुर्ची ओढून बसला.

काफिल्याची शेवटची मोहीम. दलदल संपते, समोर नदी, पलीकडे गाव वसवायची जागा. पूल टाकणारी गाडी मी दोनदा बुडवता बुडवता वाचवली, म्हणजे त्याने वाचवली, म्हणजे आम्ही. लुटारूंना अंगावर घ्यायला त्याने दोन गाड्या मुद्दाम मागे ठेवायला लावल्या. मी नाही म्हटलं, पॉज दाबला, आम्ही गोठलेल्या पडद्यासमोर भांडलो, आणि शेवटी एकच ठेवली. पलीकडे पोचलो तेव्हा गाड्या निघताना होत्या त्याच्या निम्म्याही नव्हत्या.

आणि मग शेवट. इतक्या मोहिमांनंतर एक फिकट चित्र, नदीकाठी सूर्य, खाली दोन ओळी: ते पोचले, त्यांनी चुली पेटवल्या. संपलं. टकला जनरल नाही, शाब्बास नाही, काही नाही. असला भिकार शेवट मी जन्मात पाहिला नाही.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच," दादा म्हणाला. खूश होता.

पडद्यावर 'नवा खेळ' असं बटण आलं. माझा हात माउसवरच होता. दादाने त्याचा उजवा हात उचलला आणि माझ्या हातावर ठेवला, मी लहान असताना ठेवायचा तसा. बाण पडद्यावर थरथरायला लागला, बटणाच्या वर गेला, खाली गेला, बाजूने निघून गेला, परत आला.

बटण चांगलं मोठं होतं. मला एका झटक्यात दाबता आलं असतं. मी हात सैल सोडला होता.